ऑर्डर नंबर बदलून पाहिला तर?

पेण-हमरापूरचे गणपती आता वेबसाइटवरूनही बुक होतात. अशी एक काल्पनिक साइट घेऊ. पावतीच्या पानाच्या पत्त्यात शेवटी ऑर्डर नंबर आहे, ५१२. ग्राहकाने तिथे ५११ टाकलं आणि दुसऱ्याच कुणाचं नाव, मोबाइल, घरचा पत्ता, मूर्तीची उंची, बाकी रक्कम समोर आली. पासवर्ड फोडला नाही, व्हायरस सोडला नाही. लॉगिन झालंय का, एवढंच सर्व्हरने पाहिलं. ही पावती त्याच ग्राहकाची आहे का, हे तपासायचं राहिलं. हॅकिंगला अचाट बुद्धी लागते, हा समज इथेच गळून पडतो. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०२१च्या यादीत याच जातीच्या चुका पहिल्या क्रमांकावर आहेत.

‘आमच्याकडून चोरणार काय?’ असं साइटच्या मालकाला वाटतं. पण सणाच्या तोंडावर फोन येतो, “ताई, पेणहून बोलतोय. तुमच्या दोन फुटी मूर्तीचे राहिलेले साडेतीन हजार या नंबरवर टाका.” उंची बरोबर, रक्कम बरोबर. कोण शंका घेईल? शिवाय त्रुटी शोधत फिरणारे प्रोग्रॅम साइट पेणच्या कारखान्याची आहे की रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या कंपनीची, हे बघत नाहीत.

ब्राउझरमधल्या पत्त्याशेजारच्या कुलपावर विसंबणंही चूक. ते फक्त वाटेतली माहिती सांकेतिक होते एवढंच सांगतं. लोक त्याचा भलताच अर्थ घेतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढलं.

आता त्रुटी शोधणाऱ्या माणसांचे गैरसमज. हेतू चांगला असला की कायदा आड येत नाही, असं कॉलेजातली मुलं धरून चालतात. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाची परवानगी लागते. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानगी असेल तर स्वतःच्याच दोन ऑर्डरी करून तपासावं. चुकून दुसऱ्याची पावती दिसली तर तिथेच थांबावं. पुढचे नंबर टाकू नयेत, काही उतरवून घेऊ नये. मालकाला पानाचा पत्ता, वेळ आणि नेमकं काय केल्यावर काय दिसलं, हे लिहून कळवावं. दाद मिळाली नाही तर २००४ पासून काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेकडे कळवता येतं. दुरुस्तीआधी फेसबुकवर टाकणं म्हणजे चोरांना वाट दाखवणं. बक्षिसाची अपेक्षा ते आधी जाहीर केलेलं असेल तरच धरावी. ‘पैसे द्या, नाहीतर उघड करतो’ ही खंडणी झाली.

मालकांना कळकळीने सांगावंसं वाटतं की, असं पत्र आलं तर पोलिसांची धमकी देण्याआधी आभार माना. ते पत्र कुठे पाठवायचं, हे साइटवर ठळक लिहा. आणि ऑर्डर नंबर लांबलचक, अगम्य केला की काम झालं, असं डेव्हलपर म्हणाला तर ऐकू नका. त्याने अंदाज बांधणं अवघड होतं, पण पावतीची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेली की तीच गत. पावती मागणारा तिचा धनी आहे का, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासायला हवं.