चाकाची चावी कुठे ठेवलीय?

गाडीची चावी हरवली की घरात काय गोंधळ उडतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. सोफ्याच्या उशा उलट्या होतात, धुवायला टाकलेल्या पँटचे खिसे तपासले जातात आणि शेवटी कपाटातली दुसरी चावी बाहेर निघते. पण त्याच गाडीची आणखी एक चावी असू शकते. ती हरवली तरी महिनोन् महिने कुणाला पत्ता नसतो. कळतं ते थेट टायर बसल्यावर. ही चावी असते चाकाची!

समजा, रात्रीचे साडेदहा वाजलेत. मित्राची हळद आटपून तुम्ही बाबांची गाडी घेऊन डोंबिवलीहून दिव्याला निघालात. लोकलने दोन स्टेशनांचं अंतर, पण गाडीने यायचं म्हणजे कल्याण-शीळ रोडने वळसा घालून मग आत शिरायचं. मध्येच गाडी एका बाजूला ओढायला लागते. उतरून बघता, तर पुढचं चाक जमिनीला टेकलेलं. डिकीतून स्टेपनी, जॅक, पाना सगळं निघतं. पहिला नट सुटतो, दुसरा सुटतो, तिसरा सुटतो. चौथ्यावर मात्र पाना बसतच नाही. तो नट षटकोनी नाहीच. बाहेरून गोल गुळगुळीत आणि तोंडावर कसलीशी वेडीवाकडी नक्षी. शेजारून कंटेनर धडधडत जातायत आणि तुम्ही मोबाइलच्या टॉर्चमध्ये त्या नक्षीकडे बघत बसलाय.

त्या नटाला म्हणतात लॉकनट. हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो, विशेषतः सेकंड हँड गाडी घेतलेल्यांवर. म्हणून त्याची गोष्ट आधीच समजून घेऊ या.

चोरासाठी कुलूप, मालकाला ताप

अ‍ॅलॉय व्हील महाग असतात आणि साध्या पान्याने पाच-दहा मिनिटांत निघतात. दिव्यात अनेक बिल्डिंगना पार्किंग नाही, त्यामुळे गाडी रात्रभर रस्त्यावरच उभी असते. सकाळी गाडी विटांवर आणि चाकं गायब, असं होऊ नये म्हणून प्रत्येक चाकाच्या चार-पाच नटांपैकी एक नट लॉकवाला लावतात. चाक काढायचं तर सगळे नट काढावे लागतात, त्यामुळे एक अडला तरी चोराचं काम अडतं.

हा नट उघडायला एक छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो, अंगठ्याएवढा. त्याच्या एका टोकाला नटाच्या नक्षीशी जुळणारी उलटी नक्षी असते आणि दुसऱ्या टोकाला नेहमीचा षटकोन. नक्षीचं टोक नटात बसवायचं, षटकोनावर पाना लावायचा आणि फिरवायचं. हीच ती चावी. काही गाड्यांना असे नट कंपनीतूनच येतात, काहींना शोरूममध्ये अ‍ॅक्सेसरी म्हणून लावतात, तर काही जण बाहेरून बसवून घेतात.

चावी हरवते कुठे? बहुतेकदा टायरच्या दुकानात. अलाइनमेंट करताना ती गनच्या सॉकेटमध्ये अडकून राहते, गाडी निघून जाते आणि चावी तिथेच. दुसरं कारण म्हणजे जुन्या मालकाने ती दिलीच नाही. आणि तिसरं, चावी आहे, पण तिचे दात झिजलेत. एअर गनच्या दणक्यांनी चावी फुटू शकते. म्हणून या नटावर गन चालवायची नाही, हाताचाच पाना वापरायचा. दुकानात हे आपणच सांगायचं, ‘भाऊ, लॉकनट हाताने खोला’.

आधी नट विसरा, पंक्चर बघा

अडकल्यावर पहिला प्रश्न ‘नट कसा काढू’ हा नाहीच. पहिला प्रश्न, चाक काढायची खरंच गरज आहे का?

आजकालच्या बहुतेक कारना ट्यूबलेस टायर असतात. खिळा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात घुसला असेल, तर चाक गाडीवर असतानाच पंक्चर काढता येतं. खिळा उपसायचा, भोक कानसून साफ करायचं, रबराची चिकट पट्टी सुईसारख्या हत्याराने आत दाबायची आणि हवा भरायची. आपल्याकडचे पंक्चरवाले हे काम रोज करतात. त्यासाठी लागणारं किट आणि गाडीच्या चार्जिंग सॉकेटवर चालणारा छोटा पंप डिकीत ठेवला, तर तुम्हालाही जमेल. टायर बसण्याआधीच खिळा दिसला, तर तो तिथेच उपसायची घाई नको. हवा हळूहळू जात असेल, तर भरत भरत सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचता येतं.

हा उपाय दोन ठिकाणी चालत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर, आणि सपाट टायरवर गाडी बरीच चालवून टायर आतून फाटला असेल तर. तेव्हा मात्र चाक काढावंच लागतं.

शोधा, मग नंबर शोधा

आता चावी शोधायची. ग्लोव्ह बॉक्स, सीटखाली, दरवाजाचे खण, डिकीतल्या गालिच्याखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, जॅकच्या पिशवीत. स्टेपनी उचलून खाली हात घाला. अनेकदा चावी तिथेच प्लास्टिकच्या छोट्या डबीत निपचित पडलेली सापडते. नाहीच मिळाली, तर शेवटचं काम जिथे केलं त्या टायरवाल्याला फोन करा.

चावी मिळाली नाही, तरी तिचा नंबर मिळू शकतो. लॉकनटच्या सेटसोबत एक कार्ड किंवा स्टिकर येतो. त्यावर नक्षीचा कोड असतो. गाडीच्या पुस्तकात तो चिकटवलेला असू शकतो. त्या कोडवरून शोरूममधून किंवा नट बनवणाऱ्या कंपनीकडून नवीन चावी मागवता येते. काही कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तर सगळ्या नक्ष्यांच्या चाव्यांचा अख्खा सेट असतो. एकेक लावून बघायची, जुळली की काम झालं. तोडफोड नाही, चाकाला ओरखडा नाही. घाई नसेल तर हाच मार्ग सगळ्यात चांगला.

भर रस्त्यात अडकलात, तर इन्शुरन्सची पॉलिसी बघा. त्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल, तर टोइंगचा नंबर तिथेच मिळेल. अवजड वाहनांच्या रस्त्यावर रात्री उगाच हिरोगिरी नको. इंडिकेटर चालू ठेवा, लाल त्रिकोण मागे लांब ठेवा, सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. धोका वाटला तर ११२.

चावीशिवाय नट निघतो कसा?

निघतो. गॅरेजवाल्यांकडे त्याचे ठरलेले मार्ग आहेत. हे काम शक्यतो त्यांच्याकडूनच करून घ्या, पण ते काय करतायत हे तुम्हाला कळायला हवं.

सगळ्यात आधी गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक वर, गिअरमध्ये आणि समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. नट ढिला होईपर्यंत गाडी जॅकवर चढवायची नाही. चाक जमिनीवर असेल, तरच ते फिरत नाही आणि जोर नटावर लागतो.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. बाकीचे नट काढून ठेवले असतील, तर ते परत लावून नीट आवळायचे. कारण बाकीचे सुटले की चाक धरून ठेवायचा सगळा ताण त्या एकट्या लॉकनटवर येतो आणि तो आणखी घट्ट बसतो. शेजारी आवळले की त्याच्यावरचा भार हलका होतो.

मग येतं खास सॉकेट. त्याच्या आतल्या बाजूला उलट्या दिशेने वळणारे धारदार आटे असतात. हातोडीने ते नटावर ठोकून बसवायचं आणि उलटं फिरवायचं. जितका जोर लावाल, तितकं ते नटात रुतत जातं. हे नसेल तर जुनी युक्ती म्हणजे नटाच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान असं बारा कोनांचं साधं सॉकेट घ्यायचं आणि तेच ठोकून बसवायचं. सॉकेट सरळ बसलं पाहिजे. तिरकं बसलं तर ते घसरतं आणि अ‍ॅलॉयला खोक पडते. ठोकताना लोखंडाचा तुकडा उडू शकतो, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवाच. सॉकेट नटावर गच्च अडकून बसतं, त्यामुळे ते जुनं आणि वाया गेलं तरी चालेल असंच वापरतात.

काही लॉकनटना बाहेरून एक सैल कडं असतं. त्यावर सॉकेट ठोकलं, की नुसतं कडंच गरागरा फिरतं, नट जागचा हलत नाही. अशा वेळी आधी ते कडं चिरून काढावं लागतं. हे काम अनुभवी हाताचं आहे.

आता फिरवायचं कसं? इथे अकरावीचं फिजिक्स कामाला येतं. कारच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याने तो सोडवायला टोकावर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोचा जोर लागतो. तोच दांडा अर्धा मीटर लांब घेतला, तर २० किलोत भागतं. म्हणजे बॉडी कुणाची आहे यापेक्षा दांडा किती लांब आहे हे महत्त्वाचं. झटके मारायचे नाहीत. सावकाश, सारखा दाब द्यायचा. आपल्याकडचा पावसाळा आणि खाडीची दमट हवा यामुळे नट गंजून चिकटलेला असेल, तर आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबायचं.

इथे थांबायचंच

सॉकेटने काम झालं नाही, की काही जण गॅस किंवा वेल्डिंगकडे वळतात. लॉकनटवर दुसरा नट वेल्ड करून फिरवायचा, असा तो प्रकार. टायर चाकावर चढलेला असताना हे कुणी करत असेल, तर गाडी तिथून हलवा. उष्णतेने टायरच्या आतलं रबर विघटित होऊ लागतं, आतला दाब वाढतो आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो, कधी कधी आग विझल्यानंतरही. फक्त हवा कमी केली म्हणून हा धोका जात नाही. अ‍ॅलॉयही उष्णतेने कमकुवत होतं, ते वेगळंच. दोन तास वाचवण्यासाठी एवढी किंमत मोजायची नसते.

ड्रिलने नट पोखरणं हा शेवटचा उपाय. लॉकनट कडक केलेल्या पोलादाचा असतो, त्यामुळे साधं ड्रिल त्यावर घसरतं आणि हात जरा हलला की स्टड किंवा चाक खराब होतं. स्टड बदलता येतो, पण त्यासाठी हब खोलावा लागतो. म्हणून हे काम चांगल्या वर्कशॉपमध्येच.

कागद सोबत ठेवा

एक गोष्ट गॅरेजवाल्याच्या बाजूनेही बघा. चावी नसताना लॉकनट काढून मागणारा माणूस मालक असू शकतो, तसा चोरही. त्याने आरसी दाखवा म्हटलं तर चिडू नका, उलट अशाच माणसाकडे काम द्या. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर गाडीचे कागद ठेवलेत, तर रात्रीही फोनवर दाखवता येतात. गाडी बाबांच्या किंवा काकांच्या नावावर असेल, तर त्यांना आधी फोन करा. नट तोडायचा निर्णय तुमचा एकट्याचा नाही.

नट निघाला, पुढे?

एक नट असा निघाला, की बाकी तीन चाकांवरचेही त्याच दिवशी काढून घ्या. नाहीतर पुढचं पंक्चर दुसऱ्या चाकाला होईल आणि हाच खेळ परत. त्यांच्या जागी साधे नट लावा किंवा नवीन लॉकसेट घ्या, पण माप आणि आटे जुळलेच पाहिजेत. नटाचा चाकाला टेकणारा भाग काही गाड्यांत निमुळता असतो, काहींत गोलसर. चुकीचा लावला तर घट्ट वाटतो, पण धावता धावता ढिला होतो. लावताना नट आधी हाताने फिरवा आणि मग समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा. नेमका टॉर्क गाडीच्या पुस्तकात असतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर एकदा परत तपासा.

आणि आता खरा होमवर्क. आज घरी गेलात, की गाडीच्या चारही चाकांचे नट बघा. सगळे सारखे असतील तर झोपा निवांत. एखादा वेगळा दिसला, तर विचारा, ‘बाबा, याची चावी कुठंय?’ मिळाली तर तिच्या नंबरचा फोटो काढून ठेवा आणि ती ग्लोव्ह बॉक्समधल्या एकाच ठरलेल्या जागी ठेवा. मिळाली नाही, तर सुट्टीच्या दिवशी उजेडात, ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊन ते नट बदलून घ्या. तेव्हा हे एक साधं काम असतं. रात्री शीळच्या रस्त्यावर तेच संकट होतं.