रिकामे न केलेले शस्त्र (नेमबाजी)

नेमबाजीत मारा संपल्यानंतर किंवा तो थांबवण्याची आज्ञा मिळाल्यानंतरही ज्याच्या चेंबरमध्ये, नळीत किंवा मॅगझिनमध्ये काडतूस अथवा छर्रा शिल्लक राहिला आहे, अशा शस्त्रास रिकामे न केलेले शस्त्र म्हणतात. असे शस्त्र बाहेरून रिकाम्या शस्त्रासारखेच दिसते आणि ते रिकामे आहे असे समजूनच हाताळले जाते. त्यामुळे उघडपणे भरलेल्या शस्त्रापेक्षा त्याचा धोका अधिक असतो. नेमबाजीच्या सुरक्षानियमांचा मोठा भाग हाच धोका टाळण्यासाठी आहे. शस्त्र रिकामे असल्याचे गृहीत न धरता ते प्रत्यक्ष पाहून ठरवावे आणि स्वतःखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडूनही तपासून घ्यावे, हे या नियमांचे मूळ तत्त्व आहे.

कारणे

शस्त्र नकळत भरलेले राहण्याची कारणे त्याच्या रचनेनुसार बदलतात.

अर्धस्वयंचलित पिस्तूल: २५ मीटर पिस्तूल प्रकारात एका फेरीत ५ गोळ्या झाडायच्या असतात. जलद टप्प्यात लक्ष्य प्रत्येक गोळीसाठी केवळ ३ सेकंद उपलब्ध असते. त्या वेळात एखादी गोळी झाडायची राहिली, तर फेरी संपल्यावरही एक काडतूस चेंबरमध्ये राहते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा सर्वांत घातक गैरसमज आहे. मॅगझिन काढल्याने चेंबरमधील काडतूस निघत नाही. हाताळणीचा क्रम उलटा झाल्यासही धोका निर्माण होतो. मॅगझिन जागेवर असताना स्लाइड मागे ओढून सोडल्यास चेंबरमधील काडतूस बाहेर पडते, परंतु त्याच हालचालीत मॅगझिनमधील पुढचे काडतूस आत सरकते. म्हणून आधी मॅगझिन काढून मगच स्लाइड मागे ओढली जाते.

बोल्ट असलेली रायफल: ५० मीटर स्पर्धेच्या रायफलमध्ये ५.६ मिलिमीटर (०.२२) व्यासाचे काडतूस एका वेळी एकच भरले जाते. बोल्ट मागे घेताना काडतूस बाहेर खेचणारी आकडी निसटल्यास ते चेंबरमध्येच राहते. गुडघ्यावर बसून, झोपून व उभे राहून अशा तीन स्थितींच्या स्पर्धेत स्थिती बदलताना रायफल हलवावी लागते. त्या वेळी ही चूक विशेष धोकादायक ठरते.

एअर रायफल व एअर पिस्तूल: यांत ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा थेट नळीच्या मागील टोकाशी बसवला जातो. भरण्याचा दट्ट्या उघडला तरी छर्रा आपोआप बाहेर येत नाही आणि नळीत सरकलेला छर्रा वरून दिसतही नाही. त्यामुळे तो बहुधा अधिकाऱ्याच्या परवानगीने सुरक्षित दिशेला झाडूनच काढावा लागतो.

स्पर्धेतील नियम

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या (आयएसएसएफ) नियमांनुसार स्पर्धा ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’ आणि ‘अनलोड’ या आज्ञांवर चालते. ‘स्टॉप’ ही आज्ञा होताच मारा तत्काळ थांबवावा लागतो आणि ‘अनलोड’ म्हटल्यावर प्रत्येकाने शस्त्र रिकामे करावे लागते. मारा सुरू असतानाही शस्त्र हातातून खाली ठेवायचे असल्यास काडतूस व मॅगझिन काढून त्याचा बोल्ट किंवा स्लाइड उघडी ठेवणे बंधनकारक असते.

मारा करण्याची परवानगी नसलेल्या सर्व काळात शस्त्रात सेफ्टी फ्लॅग घालावा लागतो. हा नारिंगी किंवा तत्सम ठळक रंगाचा असतो. चेंबरमध्ये तो बसला असेल, तर तेथे काडतूस नाही हे दुरूनही कळते. एअर रायफल व एअर पिस्तुलासाठी हा फ्लॅग संपूर्ण नळीतून आरपार जाईल इतका लांब असावा लागतो. नळीत छर्रा अडकला असल्यास तो पुढे जात नाही. म्हणजेच हा फ्लॅग खुणेबरोबर तपासणीचेही काम करतो.

नेमबाजाने मारा करण्याची जागा सोडण्यापूर्वी शस्त्र रिकामे असल्याचे रेंज ऑफिसरकडून तपासून घ्यावे लागते. तपासणीपूर्वीच शस्त्र पेटीत ठेवले किंवा जागेवरून हलवले, तर सुरक्षेच्या गंभीर भंगाबद्दल ज्युरी खेळाडूस अपात्र ठरवू शकते. लक्ष्याच्या बाजूला कोणी जाणार असल्यास सर्व शस्त्रांत फ्लॅग घातलेले असावे लागतात व त्या काळात शस्त्राला हात लावण्यास मनाई असते.

शस्त्र भरलेले आढळल्यास

मारा थांबल्यानंतर शस्त्र भरलेले असल्याचा संशय आला, तरी पुढील क्रम पाळला जातो.

१. नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेने स्थिर ठेवणे. अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी मागे वळताना शस्त्र वळवू नये.
२. बोट चापापासून दूर, चापाच्या कड्याबाहेर ठेवणे.
३. मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलावणे आणि शस्त्र भरलेले असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगणे.
४. अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आधी मॅगझिन काढणे, नंतर स्लाइड किंवा बोल्ट मागे घेऊन उघडा ठेवणे.
५. चेंबर डोळ्यांनी तपासणे, अधिकाऱ्यालाही दाखवणे आणि मग सेफ्टी फ्लॅग घालणे.

शस्त्र पेटीत, साहित्य तपासणीच्या टेबलावर किंवा प्रेक्षकांजवळ असताना ही बाब लक्षात आल्यास ते उचलून गर्दीतून रेंजवर नेऊ नये. आहे त्याच जागी, नळीसमोर कोणी येणार नाही अशा रीतीने ते ठेवून अधिकाऱ्यास तेथे बोलवावे. धोकादायक स्थिती दिसल्यास ती तत्काळ कळवणे हे खेळाडू व संघाधिकारी अशा सर्वांचे कर्तव्य असते. एरवी अधिकारी खेळाडूच्या उपस्थितीत व त्याला कल्पना देऊनच त्याच्या शस्त्राला हात लावतात. सुरक्षेचा प्रश्न असल्यास मात्र ते तत्काळ कृती करू शकतात.

काडतूस न उडाल्यास

चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर ते निकामी आहे असे समजून लगेच बोल्ट उघडणे धोक्याचे असते. क्वचित आतील दारू काही क्षण उशिरा पेट घेते. म्हणून नळी लक्ष्याकडे रोखून थोडा वेळ थांबले जाते. सर्वसाधारण शिकवण किमान ३० सेकंद थांबण्याची आहे. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटण्याचा संभव असतो.

चूक कळवणे आणि शिक्षा

अपात्र ठरण्याच्या भीतीने खेळाडू राहिलेले काडतूस गुपचूप काढण्याचा किंवा शस्त्र तसेच पेटीत ठेवण्याचा प्रयत्न करू शकतो. नेमबाजी प्रशिक्षणात या वृत्तीला मूळ चुकीहून गंभीर मानले जाते. नळी लक्ष्याकडे असताना लक्षात आलेली चूक बहुधा निरुपद्रवी राहते. तीच चूक लपवण्यासाठी शस्त्र घाईने वळवले गेले, तर शेजारच्या नेमबाजाचा जीव धोक्यात येतो. ०.२२ व्यासाची लहान गोळीही सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

भारतातील कायदा

भारतात शस्त्र बाळगणे व वापरणे यांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार निष्काळजीपणे शस्त्र वापरून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

रेंजबाहेरही हा धोका तितकाच असतो. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधील गोळी लागली. रिव्हॉल्व्हर ठेवताना ते हातातून निसटल्याचे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले होते. शस्त्र ठेवण्यापूर्वी ते रिकामे करण्याचा नियम घरगुती शस्त्रांनाही का लागू होतो, हे या घटनेतून दिसते.

महाराष्ट्रातील नेमबाजी

भारतातील नेमबाजीची राष्ट्रीय संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ साली लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. महाराष्ट्रात मुंबईतील वरळी व पुण्यातील बालेवाडी येथे रेंज आहेत. रायगड जिल्ह्यात माथेरानच्या डोंगररांगेच्या पश्चिमेकडील पनवेल येथे ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. तेजस्विनी सावंत (विश्वविजेतेपद, २०१०), राही सरनोबत (आशियाई सुवर्ण, २०१८) आणि स्वप्नील कुसाळे (ऑलिंपिक कांस्य, २०२४) हे नेमबाज कोल्हापूर जिल्ह्यातील आहेत.

हे सुद्धा पहा

नेमबाजी
अंजली भागवत
सुमा शिरूर
शस्त्र अधिनियम, १९५९