नोट्स कोणाच्या?

प्राध्यापकांनी वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेल्या नोट्स कोणाच्या मालकीच्या? त्यांच्याच, असं आपण चटकन म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ मात्र सांगतं, की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरी देणारा. वेगळा करार असेल तरच गोष्ट निराळी. आता नोट्स काढणं हा नोकरीचा भाग की सरांची हौस? खरी मेख इथेच आहे. त्यामुळे रुजू होताना सही केलेला कागद एकदा वाचलेला बरा. आपल्याकडे तो सहसा कपाटातच राहतो.

विद्यार्थी नोकर नसतो. त्यामुळे वेगळं काही लिहून दिलं नसेल, तर प्रबंधाचा कॉपीराइट त्याचाच. मार्गदर्शकाने विषय सुचवला, कल्पना दिली, तरी कॉपीराइट कल्पनेला नसतो, शब्दांत मांडलेल्या लेखनाला असतो.

मालकी एकाची असली, तरी वापरायची मुभा इतरांनाही असू शकते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानात पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून मिळत. त्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक २०१२ मध्ये कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कलम ५२ चा आधार घेतला : शिकवण्याच्या ओघात, त्यासाठी लागेल तेवढी नक्कल करता येते. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.