चित्रकथा, चित्रपट आणि हक्कांचा व्यवहार : ‘मुशी प्रॉडक्शन’चा एक विचार

करमणुकीच्या व्यवसायाचा अभ्यास करताना आपली दृष्टी सामान्यतः कलाकृतीवर खिळते. त्या कलाकृतीचा जमाखर्च कोणी व कसा सांभाळला, या प्रश्नाकडे ती क्वचितच वळते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न काहीसा परका वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जी संस्था चित्रपट निर्माण करते, त्यांतील पात्रांच्या वापराचे हक्क विकते आणि शिवाय चित्रकथांचे मासिकही चालविते, तिच्या बाबतीत हिशेबाची वही बाजूला ठेवून कलेचा इतिहास लिहिताच येत नाही. जपानमधील ‘मुशी प्रॉडक्शन’ ही अशी संस्था होती. १९६१ साली तिची सुरुवात झाली व १९७३ साली तिचे दिवाळे निघाले. तिचे चित्रपट खर्चापेक्षा कमी किमतीस विकले जात होते आणि चित्रकथेपासून उत्पन्न होणारे हक्क हेच तिचे खरे भांडवल होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे तिचा उत्कर्ष आणि तिचा ऱ्हास ही दोन्ही एकाच कारणाची कार्ये होती हे उलगडते.

संस्थेचे प्रवर्तक तेझुका ओसामु (१९२८–१९८९) हे वैद्यकाचे पदवीधर. पण त्यांची कीर्ती चित्रकथाकार म्हणून. ‘मुशी’ म्हणजे कीटक. कीटकांचा त्यांना बालपणापासून छंद होता व तो त्यांच्या नावाच्या लेखनातही उतरला होता. ‘तेत्सुवान आतोमु’ ही यंत्रबालकाची चित्रकथा १९५२ पासून ‘शोनेन’ मासिकात प्रसिद्ध होऊ लागली आणि तिने त्यांना लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. १९६० च्या सुमारास तोएई या मोठ्या चित्रसंस्थेने त्यांच्या एका चित्रकथेवरून चित्रपट काढला. त्या कामात त्यांचा स्वतःचा सहभाग होता. तेथून स्वतंत्र संस्थेचा विचार दृढ झाला. तोक्योच्या नेरिमा भागात, राहत्या घरालगत, चित्रकथांच्या मानधनाच्या बळावर त्यांनी ती उभी केली. म्हणजे चित्रपटाला चित्रकथेने पोसावयाचे, हा क्रम पहिल्या दिवसापासूनचा आहे. पहिला चित्रपट, १९६२ चा ‘एका रस्त्याच्या कोपऱ्याची कथा’, हा तर निव्वळ प्रयोग होता. त्यातून उत्पन्नाची अपेक्षा कोणी धरलीच नव्हती.

१ जानेवारी १९६३ रोजी फुजी दूरचित्रवाणीवर ‘तेत्सुवान आतोमु’चा पहिला भाग दाखविण्यात आला. दर आठवड्यास एक भाग, असे १९६६ अखेरपर्यंत १९३ भाग झाले. या कामाचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर थोडे गणित करावे लागेल. चित्रपटाच्या फितीवर दर सेकंदास २४ चौकटी असतात. पंचवीस मिनिटांच्या एका भागासाठी ३६,००० चौकटी होतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींपुरते स्थिर ठेवले तरी १८,००० चित्रे लागतात, आणि तीन चौकटींपुरते ठेवले तर १२,०००. आठवड्याला बारा हजार चित्रे काढणे कोणत्याही चित्रशाळेच्या आवाक्याबाहेरचे होय. मुशीच्या चित्रकारांनी हा आकडा दोन हजारांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही खाली आणला. पात्र बोलताना फक्त ओठ हलावयाचे. धावताना तीच चित्रे फिरून वापरावयाची आणि पार्श्वभूमी सरकवावयाची. उड्डाणाची वा आश्चर्याची चित्रे जपून ठेवून पुढील भागांत पुन्हा घ्यावयाची. चित्रकथेच्या वाचकाला स्थिर चौकटीतून गती कल्पिण्याची सवय असतेच. त्या सवयीवर ही सारी काटकसर उभी होती. तिला केवळ दारिद्र्यातून निघालेली युक्ती म्हणणे अन्यायाचे होईल. कथा सांगण्याचे ते एक निराळे व्याकरणच होते.

तथापि इतके करूनही खर्च भागत नव्हता. एका भागाची किंमत ५,५०,००० येन ठरली होती असे तेझुका यांनी स्वतः सांगितले आहे. उत्पादनखर्च तिच्याहून पुष्कळ अधिक होता. किंमत इतकी खाली ठेवली म्हणजे दुसरा कोणी या क्षेत्रात उतरणार नाही, असा त्यांचा होरा होता. तो साफ फसला. त्याच वर्षी इतर संस्थांनी स्पर्धक मालिका काढल्या आणि कमी किंमत मात्र सर्वांच्याच बोकांडी बसली. तेझुका यांच्या निधनानंतर, १९८९ साली, मियाझाकी हायाओ यांनी ॲनिमेशनच्या चित्रकारांच्या हलाखीचे मूळ या निर्णयात शोधले. या आरोपात तथ्य नाही असे नाही. परंतु त्सुगाता नोबुयुकी यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले आहे की, जाहीर झालेल्या किमतीखेरीज जाहिरातसंस्थेकडूनही संस्थेस रक्कम मिळत होती. तेव्हा केवळ एका आकड्यावरून सबंध उद्योगाचा दोष एका व्यक्तीच्या माथी मारणे मला युक्त वाटत नाही.

शिवाय त्या किमतीमागे दुसराही एक हिशेब होता. चित्रपट तोट्यात गेला तरी पात्र नफ्यात जात होते. मेइजी ही मिठाई तयार करणारी कंपनी मालिकेची पुरस्कर्ती होती. चॉकलेटाबरोबर आतोमुच्या चित्रांचे स्टिकर देण्याची योजना तिने काढली आणि ती कमालीची यशस्वी झाली. खेळणी, वह्या, कपडे यांवर पात्राचे चित्र छापावयाचे तर परवानाशुल्क द्यावयास हवे, ही शिस्त जपानी बाजारास लावण्यात या संस्थेच्या हक्कविभागाचा वाटा मोठा आहे. १९६३ मध्येच अमेरिकेतील एन.बी.सी.च्या विक्रीशाखेने ही मालिका घेतली व ती तेथे ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने दाखविली गेली. १९६५ ची रंगीत ‘जंगल ताइतेइ’ ही मालिका तर अमेरिकन विक्री डोळ्यांसमोर ठेवूनच आखण्यात आली होती.

१९६६ साली हक्कांचा व प्रकाशनाचा कारभार ‘मुशी प्रो शोजी’ या वेगळ्या कंपनीकडे सोपविण्यात आला. शोजी म्हणजे व्यापारी पेढी. या व्यापारी पेढीने जे सर्वांत मोठे काम केले ते मात्र व्यापारी दृष्टीचे मुळीच नव्हते. १९६७ च्या जानेवारी अंकापासून तिने ‘कॉम’ हे चित्रकथांचे मासिक सुरू केले. कॉमिक्स, कम्पॅनियन आणि कम्युनिकेशन या तिन्ही शब्दांचा आद्यांश त्या नावात आहे. १९६४ पासून निघणाऱ्या ‘गारो’ मासिकाने प्रौढ वाचकांसाठी गंभीर चित्रकथेचा मार्ग मोकळा केला होता. ‘कॉम’ हे त्याला दिलेले उत्तर होते. इशिनोमोरि शोतारो यांची जवळजवळ शब्दविरहित ‘जुन’ येथेच प्रसिद्ध झाली. नवोदितांची चित्रे मागवून त्यांची परखड चिकित्सा करणारे एक सदर त्यात असे. ताकेमिया केइको, आदाचि मित्सुरु यांसारखी पुढे नावारूपास आलेली मंडळी प्रथम तेथे दिसली. आणि तेझुका यांनी ‘हि नो तोरि’, म्हणजे ‘अग्निपक्षी’, ही आपल्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाकांक्षी कृती येथे नव्याने आरंभिली. पूर्वी १९५४ साली तिचा एक आरंभ झाला होता, पण ते मासिक बंद पडल्याने ती खंडित झाली होती.

येथे संस्थेच्या रचनेतील विसंगती उघडी पडते. परवानाशुल्क हे लहान मुलांना प्रिय असलेल्या पात्राभोवतीच जमते. ‘अग्निपक्षी’च्या जन्ममरणाच्या चिंतनातून चॉकलेट विकले जात नाही. चित्रपटांच्या बाजूसही हेच घडत होते. १९६९ चा प्रौढांसाठीचा ‘अरबी रजनी’ बऱ्यापैकी चालला. १९७० च्या ‘क्लिओपात्रा’स ते भाग्य लाभले नाही. १९७३ चा ‘कानाशिमि नो बेलादोन्ना’ हा यामामोतो एइइचि यांचा चित्रपट तर मिशले या फ्रेंच इतिहासकाराच्या ग्रंथावर आधारलेला. त्यात स्थिर चित्रांवरून कॅमेरा सावकाश फिरतो. दहा वर्षांपूर्वी पैसे वाचविण्यासाठी जे व्याकरण घडले, त्याचा सर्वांत सुंदर प्रयोग येथे झाला असे माझे मत आहे. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखविला गेला. व्यवसाय मात्र झाला नाही. तोट्यात निर्मिती करून हक्कांवर जगावयाचे हा नियम कायम राहिला आणि हक्क देणारी पात्रे तेवढी मागे पडली.

१९६८ सालीच तेझुका यांनी आपल्या चित्रकथांच्या कामासाठी ‘तेझुका प्रॉडक्शन’ ही निराळी कंपनी स्थापन केली होती. १९७१ मध्ये त्यांनी मुशीचे अध्यक्षपद सोडले. त्याच वर्षअखेर ‘कॉम’ थांबले; १९७३ मध्ये ते पुन्हा काढण्याचा एक अल्पजीवी प्रयत्न झाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रथम शोजीचे दिवाळे वाजले आणि नोव्हेंबरमध्ये मूळ संस्थेचे. ज्या शाखेच्या आधारावर निर्मितीचा तोटा सोसला जात होता ती आधी कोसळली, हा क्रम बोलका आहे.

चित्रपटांचे हक्क कंपनीची मालमत्ता असल्यामुळे दिवाळखोरीच्या गुंत्यात सापडले. चित्रकथा मात्र त्यांच्या कर्त्याकडे राहिल्या. कर्जाचा मोठा भार तेझुका यांच्या अंगावर वैयक्तिकरीत्या आला, आणि त्याच नोव्हेंबरात एका साप्ताहिकात त्यांची ‘ब्लॅक जॅक’ ही शस्त्रवैद्याची चित्रकथा सुरू होऊन तिने त्यांना पुन्हा उभे केले. संस्थेतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी व कर्मचाऱ्यांनी ‘मॅडहाउस’, ‘सनराइज’ इत्यादी चित्रशाळा काढल्या. १९७७ साली जुन्या संस्थेच्या कामगारसंघातील मंडळींनी त्याच नावाची नवी कंपनी स्थापन केली. ‘अग्निपक्षी’ ही नवनव्या मासिकांत पुढे चालू राहिली व १९८९ साली कर्त्याच्या मृत्यूने अपूर्ण राहिली.