नवे बांधलेले इंजिन तेल का खाते?

मोटारीच्या पोटात दोन पदार्थ जातात. पेट्रोल जाते ते जळण्यासाठी, आणि इंजिनाचे तेल जाते ते न जळता भागांना ओलावा देण्यासाठी. हे दुसरे तेल जळू लागले, की मागून निळा धूर निघतो, प्लग काजळतात आणि आठवड्याला अर्धा-अर्धा लीटर तेल ओतावे लागते. जुनी, झिजलेली गाडी असे करू लागली तर आपण समजू शकतो. परंतु इंजिन नुकतेच बांधून आणले, बोअर केले, नव्या रिंगा घातल्या, आणि तरीही ते तेल पिते, तेव्हा मालक म्हणतो ‘मिस्त्रीने फसवले’ आणि मिस्त्री म्हणतो ‘गाडी नीट चालवली नाही’. या भांडणात खरे कारण बाजूलाच राहते. ते कसे शोधावे, हे आज पाहू.

उदाहरणाला आपण ओळखीची गाडी घेऊ. शेजारच्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाडी तयार होऊ लागली. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे साधे इंजिन. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निघून गेली. पण धाराशिव, तुळजापूर, उमरग्याकडे एखाद्या वाड्याच्या ओसरीत अशी गाडी हौसेने जपलेली अजून दिसते. तिचे इंजिन पुन्हा उतरवायचे म्हणजे हजारोंचा खर्च. म्हणून आधी तपास करावा आणि मगच पाना हातात घ्यावा.

पहिली गोष्ट मापाची. ‘लई तेल खाते’ हे माप नव्हे. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा, आणि तेल मोजायच्या काडीवरील वरच्या खुणेपर्यंत तेल भरा. किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. तीनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा त्याच जागी काडी पाहा आणि खुणेपर्यंत यायला किती तेल लागले ते मापाच्या भांड्याने मोजा. जुन्या बनावटीच्या इंजिनाने हजार किलोमीटरला अर्ध्या लीटरच्या आत तेल घेतले तर घाबरण्याचे कारण नाही. एक जपावे, खुणेच्या वर तेल कधी भरू नये. जादा तेल क्रँकच्या फटक्याने उडते आणि आपणच जळायला जाते.

आता तेल जाते कुठे? वाटा तीन. बाहेर गळणे, पिस्टनच्या रिंगांवरून वर चढणे, आणि व्हॉल्व्हच्या गाईडमधून खाली उतरणे.

गळती आधी पाहा, कारण ती सर्वांत स्वस्त. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा. पण काही सील इंजिन चालू असतानाच गळतात. म्हणून इंजिन पुसून कोरडे करा, सांध्यांवर पांढरी पावडर भुरभुरा, थोडी फेरी मारून या. पावडर जिथे काळी झाली तिथे वाट सापडली. त्याचबरोबर इंजिनाच्या श्वासाची नळी पाहा. ती मळाने बुजली असेल तर आतला दाब तेलाला सीलांमधून बाहेर ढकलतो. अशा वेळी नळी साफ करणे एवढाच इलाज असतो.

गळती नसेल, तर धुराकडे वळू. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरी वाफ गरम इंजिनातूनही थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे. निळा धूर तेलाचा. परंतु तो केव्हा निघतो, यावर सारे अवलंबून आहे. तुळजापूरचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. कार्बोरेटरची झडप मिटते, पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात, आणि आत मोठी ओढ निर्माण होते. शहाळ्यातून नळीने पाणी ओढावे, तसे तेल गाईडमधून आत ओढले जाते. घाट संपल्यावर पुन्हा पाय दिला की मागे निळा लोट उठतो. हे गाईडचे किंवा व्हॉल्व्हच्या सीलचे लक्षण. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा भपका येऊन लगेच थांबत असेल, तरी संशय तिथेच. उलट घाट चढताना, इंजिनावर जोर असताना धूर सतत निघत असेल, तर संशय रिंगांवर. धूर चालकाला दिसत नाही. मागून दुसऱ्या गाडीत माणूस ठेवा.

यानंतर चारही प्लग काढून ओळीने मांडा. एकच प्लग तेलाने ओला असेल तर दोष त्या एका सिलिंडरात. चारही ओले असतील तर दोष सर्वत्र, म्हणजे बहुधा बांधणीत किंवा चालवण्यात.

मग दाबाची तपासणी. चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, प्रत्येक सिलिंडरला दाबमापक लावून इंजिन स्टार्टरने फिरवा व आकडे लिहा. त्यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा सैल. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग.

इथे पुष्कळ जण चकतात, म्हणून लक्षपूर्वक ऐका. दाब उत्तम आला म्हणजे रिंगा निर्दोष, असे मुळीच नाही. दाब धरतात त्या वरच्या रिंगा. तेल आवरते ती खालची तेलरिंग. जमीन सारवताना जादा काला हाताने ओढून घ्यावा, तशी ती बोअरवरचे जादा तेल ओढून खाली आणते. ती उलटसुलट बसली, तिची टोके एकमेकांवर चढली किंवा ती अडकली, तरी दाबमापकाला पत्ता लागत नाही. दाब चांगला, गाईड चांगले, गळती नाही, आणि तरी तेल जाते आहे? मग तेलरिंगच धरा.

नव्या इंजिनाचे आणखी एक दुखणे असते. जात्याला टाकी लावल्याशिवाय ते दळत नाही, हे घरोघरी ठाऊक आहे. बोअरलाही होनिंग करून बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडतात. त्या रेघांवर घासून नव्या रिंगा बसतात. नवी गाडी म्हणून ती जपून, हळूहळू चालवली, किंवा दारात तासन्‌तास नुसती चालू ठेवली, तर रेघांवर चकाकी चढते आणि रिंगा बसतच नाहीत. नव्या रिंगांना मध्यम जोर हवा. वरच्या गिअरमध्ये ताशी चाळीसवरून साठपर्यंत वेग वाढवावा, पाय काढून उतरू द्यावा, असे पुन:पुन्हा करावे. पहिली हजार-दीड हजार किलोमीटर थोडे तेल जाणारच. त्यानंतरही कमी होत नसेल, तर होनिंग नव्याने करून रिंगा बदलाव्या लागतात. जाड तेल ओतून दोष झाकतो, जात नाही.

होनिंगनंतर बोअर गरम साबणपाण्याने व ब्रशने धुवावा. नुसत्या रॉकेलने बारीक कच निघत नाही. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ विसरू नका. हवेच्या फिल्टरचे पॅकिंग सैल असेल, तर ती धूळ आत जाऊन नव्या रिंगा थोड्याच दिवसांत खाऊन टाकते.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनालाही रिंगा, धूळ आणि गळती यांचे हेच नियम लागू आहेत. फक्त घाटाची परीक्षा तिथे चालत नाही, कारण डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप नसते आणि ती ओढही तयार होत नाही. हा फरक का, हे शिक्षकबंधूंनी वर्गात मुलांना जरूर विचारावे. हवेच्या दाबाचा धडा त्यांना गावच्या मळ्यातच सापडेल.

तर क्रम असा ठेवा: माप, गळती, श्वासाची नळी, धूर, प्लग, दाब, आणि सर्वांत शेवटी इंजिन उतरवणे. दोष गाईडचा ठरला तर हेड काढून भागते, खालचे इंजिन उघडावे लागत नाही. आणि मिस्त्रीकडे जाताना ती वही बरोबर न्या. लिहिलेले आकडे समोर असले, की मालक आणि मिस्त्री दोघांनाही आवाज चढवण्याची गरज उरत नाही, आणि गरिबाचे पैसेही वाचतात.