दोन पालख्या, एक खंडा आणि हळदीचा डाग

सोनं वाटून झालं, श्रीखंड-पुरी झाली, की दसऱ्याच्या दुपारी अवघा महाराष्ट्र आडवा होतो. जेजुरीकर मात्र तेव्हा कंबर कसत असतात. तिथली पालखी गडावरून निघते संध्याकाळी आणि परत येते थेट दुसऱ्या दिवशी. ‘मर्दानी दसरा’ हे नाव काही उगाच पडलेलं नाही!

जेजुरीत खंडोबाची ठाणी दोन. गावालगतच्या गडावरचं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, आणि त्याहून उंचावर कडेपठारचं, जे मूळ आणि जुनं. दसऱ्याच्या रात्री दोन्हीकडून पालख्या निघतात आणि मधल्या रमण्याच्या दरीत मध्यरात्र उलटल्यावर देवभेट होते. म्हणजे खंडोबा खंडोबालाच भेटायला जातो. तर्क लढवू नका, मजा जाईल. त्यापेक्षा खांदेकऱ्यांचे पाय बघा. दगडधोंड्यांचा उतार, वर भंडाऱ्याची उधळण, मागून रेटा, आणि खांद्यावरची पालखी तोलत माणसं बदलत राहतात. दारूकाम आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात झोप कुणाला येतेय?

तिथीनेही सोय पाहिली आहे. दशमीचा चंद्र ढग नसतील तर रात्री दोनच्या आसपासपर्यंत साथ देतो. पाऊस सरलेला, डोंगर अजून हिरवे, हवेत किंचित गारवा. रात्रभर जागायला वर्षातली यापेक्षा बरी रात्र मिळायची नाही.

पायऱ्यांचं गणित मात्र लोकगीतांवर सोडू नका. गाण्यांतल्या गडाला नऊ लाख पायऱ्या. प्रत्यक्षात त्या काही शेच आहेत, पण गर्दीत चढताना गाणाऱ्यांचाच आकडा पटतो.

आता खरी हौस: खंडा! पेशवाईत पानसे सरदारांनी देवाला वाहिलेली ही तलवार सुमारे 42 किलोची आहे. सिमेंटच्या पोत्याहून थोडीशीच हलकी, आणि पोतं निदान खांद्यावर तरी घेता येतं. इथे पालखी गडावर परतल्यावर स्पर्धा लागते ती खंडा एका हातात, हात लांब करून, जास्तीत जास्त वेळ तोलून धरण्याची. दुसरा प्रकार कसरतींचा. त्यात काही बहाद्दर खंडा चक्क दातांत धरून उचलतात. बघणाऱ्यांच्याच दाढा ठणकतात. व्यायामशाळेच्या आरशात दंड न्याहाळणाऱ्यांनी एकदा इथे येऊन जावं.

हे पानसे म्हणजे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. सासवडजवळ सोनोरीचा मल्हारगड त्यांनीच बांधला, आणि मराठी अमदानीतल्या अगदी शेवटच्या किल्ल्यांत त्याची गणना होते. सकाळी किल्ला आणि संध्याकाळी पालखी, असा बेत एका दिवसात जमतो. पुणे–मिरज लोहमार्गावर जेजुरीला स्वतःचं स्टेशनही आहे.

पुरंदर तालुक्यात या दिवसांत सीताफळांची चंगळ असते. नावात सीता असली तरी हे फळ मूळचं अमेरिका खंडातलं. दाराच्या तोरणातला झेंडू तरी कुठला? मेक्सिकोचा! तिकडेही तो थोड्याच दिवसांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पितरांच्या सणासाठी ढिगांनी लागतो. ‘आपल्या’ दसऱ्यातल्या या दोन परदेशी पाहुण्यांना आता कोण परकं म्हणेल? मात्र आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं विकली जातात, तिथे डोळे उघडे ठेवा. पानं दोन्हींची जोडपाकळीची, पण कांचनाचं पान बहुधा मोठं असतं.

राहता राहिला भंडारा. तो कपाळाला लागतो, मग केसांत, कानांत, मोबाईलच्या फटीत. पांढरे कपडे घालून जाणाऱ्याच्या हिमतीला माझा मुजरा. घरी आल्यावर डागाला साबण लावलात की पिवळा डाग एकदम लालसर होतो आणि घरात हलकल्लोळ माजतो. घाबरू नका. हळदीतलं रंगद्रव्य साबणाच्या क्षाराने लाल होतं. घरोघरी हळदीत चुना कालवून कुंकू करायचे, तेही याच जोरावर. उलट डाग पिवळाच राहिला, तर भंडाऱ्यात हळद कमी आणि भेसळ जास्त असा संशय घ्यायला जागा आहे. डाग लाल झाला असेल, तर साबण नीट खळबळून काढा आणि कपडा दोन-चार दिवस कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हाला आपल्याकडे तोटा नाही.