दिवा मालवण्याआधी

कणकुंबीत पहाटेपासून पाऊस कोसळतोय. माउलीच्या देवळाकडची वाट धुक्यात गडप झालीय, आणि इथंच उगम पावणारी मलप्रभा आज नुसत्या आवाजावरून कळते. शाळेच्या खोलीत भरदुपारी दिवे लागलेत. भिंतीवर इंग्रजी ‘ई’चा तक्ता, तिथून सहा मीटरवर फरशीवर खडूची रेघ. रेघेवर चौथीतली एक मुलगी उभी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कानातलं मशीन घरी डब्यात आहे. या दमट हवेत ते सारखं बंद पडतं.

डोळे तपासणाऱ्या ताई बेळगावहून आल्यात. अक्षराच्या दांड्या जिकडे, तिकडे बोटं करायची. ताई आधी तोंडावरचा मास्क उतरवतात, मग स्वतः करून दाखवतात. दोन ओळी बरोबर येतात. तिसरीला बोटं हवेतच थांबतात आणि मुलगी तक्ता सोडून ताईंच्या चेहऱ्यात उत्तर शोधू लागते. ताई मान हलवत नाहीत. एवढ्याशा खुणेवरूनही ही मुलं अचूक अंदाज बांधतात, मग कागदावर नजर चांगली लिहिली जाते.

जड गोल चौकटीत वजा दीडची भिंगं बसतात. मुलगी तक्त्याकडे बघतच नाही. ती दाराशी बोलत उभ्या असलेल्या गुरुजींच्या ओठांकडे बघते. बघतच राहते.

ऐकू येत नाही म्हणून हिला कळत नाही, असं सगळे धरून चालले होते. शेवटच्या बाकावरून तिला फळाही दिसत नव्हता आणि ओठही. जिचे कान म्हणजे डोळेच, तिचे डोळे इतकी वर्षं कुणी तपासू नयेत, हे मला सहन होत नाही.

पुढचा मुलगा. तोही कर्णबधिर. सोबत त्याची आई.

“मावशी, हा चालायला कधी लागला?”

“लई उशिरा. दोन वर्सांचा झाला तरी बसूनच होता. अजून तिन्हीसांजेला गोठ्यात गेला की दावणीला आपटतो बघा.”

“हा पोटात असताना तुमच्या अंगावर पुरळ, ताप?”

“न्हाई.”

ताईंचं पेन थांबतं. गरोदरपणातला रुबेला नसावा, पण जन्मजात बहिरेपण, उशिरा चालणं आणि रातांधळेपणा एकत्र आले की अशर सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. कानातलाच तोल सांभाळणारा भाग अधू असतो, म्हणून पाय उशिरा फुटतात. पुढे डोळ्याचा पडदा झिजतो. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं. गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेवर कळलं तर मुलाला तयारीला वर्षं मिळतात.

आता खोलीत अंधार करून बुबुळाआड बघायचंय. ताई आधी दिव्याकडे बोट दाखवतात, तो मालवणार असं खुणेनं सांगतात, मुलाचा हात आईच्या हातात देतात. अंधारात त्याच्या खुणाही जातात. मगच बटण दाबतात.

बेळगावच्या पडदातज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून होते. जांबोटीमार्गे जाणारी बस अजून यायचीय.

तुमच्या घरात, शाळेत ऐकू न येणारं मूल असेल तर दरवर्षी त्याचे डोळे तपासून घ्या. आणि दिवेलागणीला ते अडखळतं का, एवढं आज संध्याकाळीच बघा.